केटीच्या कागदांपासून व्यसनमुक्तीपर्यंत: समुपदेशकाची नोकरी (कोल्हापूर)

निशिगंध:

"मॅडम, मला व्यसनमुक्तीत काउन्सेलर व्हायचंय, कोर्स कुठला करू?" असा व्यनि (खाजगी निरोप) हल्ली वरचेवर येतो. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा धागा काढलेला बरा.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थी समुपदेशक म्हणून लागले तेव्हा काम सरळ होतं. कुणाला शाखा बदलायचीय, कुणाच्या केटी (मागे राहिलेले विषय) साठल्यात, कुणाला वायडी लागलंय म्हणजे वर्ष वाया गेलंय, कुणाची हजेरी भरत नाही म्हणून टर्म अडलीय. नेमणुकीच्या पत्रात व्यसन किंवा मानसिक आघात यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. आता अर्धा आठवडा कॉलेजात जातो आणि अर्धा व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण कामात. शिक्षण, प्रशिक्षण नंतर घेतलंच, पण या कामाकडे मला वळवलं ते हजेरीपटानं.

हजेरीपट वाचायला शिका. सोमवार सलग कोरे. सकाळच्या प्रॅक्टिकलला दांडी, दुपारच्या लेक्चरला मात्र हजर. खानावळीचे पैसे थकलेले, लॅपटॉप "मित्राकडे" गेलेला, खोली सारखी बदललेली. पोरगा माझ्यासमोर बसतो तो "एम-थ्री (इंजिनीअरिंगचं तिसरं गणित) निघत नाही" म्हणून. दारूसाठी म्हणून कुणीही येत नाही. पहिल्याच भेटीत "पितोस का?" विचारलं की तो उठून जातो आणि पुन्हा दिसत नाही. म्हणून एम-थ्रीबद्दलच बोलायचं, आणि बोलता बोलता विचारायचं की रात्री झोप कधी लागते. पुढचं बरंचसं झोपेवरून बाहेर येतं.

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहं उभी राहिली, तेव्हापासून हे बाहेरून शिकायला येणाऱ्यांचं गाव. चंदगड, राधानगरी, गगनबावडा, खाली सिंधुदुर्गातूनही पोरं येतात. आता वसतिगृहापेक्षा कॉट बेसिसवरच्या (खाटेमागे भाडं घेणाऱ्या) खोल्या जास्त. तिथं रेक्टर नाही, रात्री कुठं होतास म्हणून विचारणारं कुणी नाही. दारू, मावा, गांजा, फोनवरचा सट्टा, सगळं तिथंच सुरू होतं. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि टपरी कुठं आहे हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आघाताबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं, कोल्हापुरातले नदीकाठचे भाग, इथल्या मुलांपैकी काहींना अजून जुलै लागला की झोप येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे त्यांना पाठ असतात. रात्रभर फोनवर पाणी किती चढलं बघत बसतात, आणि मग डोळा लागावा म्हणून क्वार्टर. पण पूर निदान सगळ्या गावाला दिसतो. बापाचा मार, जवळच्या नातेवाइकानं केलेला अत्याचार, अपघातात शेजारी बसलेला मित्र जाणं, हे कुणालाच दिसत नाही. अशा मुलाला दारू ही अडचण वाटतच नाही. त्याच्या लेखी ते औषध असतं. ते औषध काढून घेताना त्याजागी तुम्ही काय देणार, हे ठरवल्याशिवाय हात घालू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजात कागदांचं काम केलेला माणूस व्यसनमुक्तीत कमी लेखला जातो आणि ते चूक आहे. डिटॉक्स (शरीरातली दारू उतरवणं) डॉक्टर करतात, मीटिंगा व्यसन सोडलेल्यांचे गट घेतात. पण केंद्रातून बाहेर पडलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सोमवारी सकाळी नऊ वाजता कुठं जाणार? टर्म बुडालेली. घरचे म्हणतात, बास झालं शिक्षण, शिरोलीत मामाच्या फाउंड्रीत चिकटव. जुन्या खोलीत जुनेच पार्टनर. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आठवड्यावर आलेली. इथं ज्याला विद्यापीठाचे नियम माहीत आहेत, ज्याची परीक्षा विभागातल्या क्लार्कशी ओळख आहे, वैद्यकीय दाखल्यावर "व्यसन" हा शब्द न घालता काय लिहून चालतं हे जो डॉक्टरांशी बोलून ठरवू शकतो, त्याचा उपयोग होतो. सगळे विषय एकदम काढायची घाई न करता दोनच पेपर द्यायला लावणं हासुद्धा उपचारच आहे. हे कुठल्या अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत.

किस्से सांगणार नाही. कोल्हापूर एवढंसं, गंगावेशीत बोललेलं संध्याकाळपर्यंत राजारामपुरीत पोचतं. विचारा काय विचारायचं ते.

खासबाग:

मॅडम, जिम आणि भरतीवाल्या पोरांचं राहिलं बघा. पोलीस भरतीला पळणारी, अंग कमवायला लागलेली पोरं इंजेक्शनं घ्यायला लागल्यात. दूध, खुराक, जोर-बैठका सोडून. आमच्या तालमीत वस्तादांनी एकाला हाकललाच. हे पण व्यसनातच धरायचं का?

निशिगंध:

खासबाग, धरायचंच. ते बहुतेक मेफेन्टरमाइन असतं. भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरला तर तो वर आणायला दवाखान्यात वापरतात. पोरं ते दम टिकावा म्हणून टोचून घेतात. हृदयाचे ठोके, झटके, आणि एकच सुई चौघांत फिरवली तर कावीळ, एचआयव्ही. ही मुलं स्वतःला व्यसनी मानत नाहीत, कारण दारूला शिवत नाहीत. हाकलण्याआधी वस्तादांनी एकदा बोलावं. वस्तादांचं ऐकतात, आमचं नाही ऐकत.

तर्कटी:

माफ करा, पण हल्ली सगळ्याला ट्रॉमा म्हणायची फॅशन आली आहे. आमच्या पिढीनं कमी मार खाल्ला? बाहत्तरचा दुष्काळ काढला. दारू ही शेवटी सवय आहे. मन घट्ट केलं की सुटते. आमच्या चुलत्यांनी माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. समुपदेशन वगैरे शहरी चोचले.

जास्वंद:

तर्कटी, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सांगलीत असते. माळेबद्दल आधी: माळ घालून सुटलेले पेशंट मी पाहिलेत आणि मला त्याचा आदरच आहे. माळेबरोबर वारी येते, सोबत येते, संध्याकाळचा वेळ भजनात जातो. या सगळ्याचा उपयोग होतोच. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, त्यानं एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. कितीही घट्ट मन असलं तरी त्याला हे चुकत नाही. अशा माणसाला रुग्णालयात ठेवून, बी-वन जीवनसत्त्व आणि गोळ्या देऊन उतरवावं लागतं. कोल्हापूरकरांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथं जायला लाजू नका.

ट्रॉमाच्या फॅशनबद्दल. फेलिटी आणि अँडा यांचा १९९८ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, नऊ हजारांवर प्रौढांचा. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरात व्यसनी माणूस असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असं काहीच न सोसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. तुमच्या पिढीनं मार खाल्ला हे खरंच आहे. त्यातले किती जण गुत्त्यावर संपले, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. आपल्याकडचं बघायचं तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. चोचले म्हणावं इतकं समुपदेशन अजून कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

तर्कटी:

फिट येते हे माहीत नव्हतं. बाकी मतावर ठाम आहे.

आजचा_दिवस:

नमस्कार. मी मद्यासक्त. नाव सांगत नाही, आमच्यात तीच पद्धत.

मी पुण्याला मुक्तांगणला राहून आलो. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुलं-सुनीताबाईंच्या मदतीनं ते सुरू केलं, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. तिथं मला पहिल्यांदा कुणी बेवडा म्हटलं नाही. परत आल्यावर इथल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागलो. निशिगंध मॅडमचं सोमवार सकाळचं म्हणणं शंभर टक्के. मला केंद्रात कधी प्यावीशी वाटली नाही. आत सगळं आखलेलं असतं, उठणं, चहा, साफसफाई, गटचर्चा. खरी मारामार घरी आल्यावर. पगार झाला की पाय आपोआप वळतात.

माझ्या काउन्सेलरनं मला पुराची भाषा वापरायला शिकवली. चिडचिड, जेवण चुकणं, फॉलोअपला टांग, जुन्या मित्राला "सहज" फोन, ही झाली इशारा पातळी. तेव्हाच फोन करायचा. बारच्या दारात उभं राहून करायचा नाही, तिथं धोका पातळी कधीच ओलांडलेली असते. आमच्या घरच्यांनाही ही यादी दिलेली आहे. बायको भांडत नाही आता, नुसतं "एकोणचाळीस" म्हणते.

चंदगडी_काजू:

हाहा, एकोणचाळीस भारी. मॅडम, मी एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आहे, विषय मानसशास्त्र. मला हेच करायचंय. एमए करू की एमएसडब्ल्यू? आणि पगार मिळतो का नीट? घरचे म्हणतात बीएड कर.

निशिगंध:

काजू, दोन्ही चालतं, पण दोन्हींतून वेगवेगळं काम हाती येतं. एमएसडब्ल्यू केलंस तर घरभेटी, वस्ती, सरकारी योजना, कुटुंबाशी बोलणं यात हात बसतो. कोल्हापुरातच सायबर या शिक्षणसंस्थेत करता येतं, घर सोडायला नको. मानसशास्त्रात एमए केलंस तर चाचण्या, मुलाखत, उपचारपद्धती जास्त शिकायला मिळतात. मात्र एमए झालं म्हणजे "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानं. समुपदेशकांसाठी बराच काळ असं काही नव्हतं, कुणीही बोर्ड लावायचं. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकही आलेत, त्यामुळे तू शिकून बाहेर पडशील तेव्हा नोंदणीचं काय झालंय ते बघून घे.

पगार: चांगला नाही. बऱ्याच संस्थांत अकरा महिन्यांचा करार असतो आणि अनुदान रखडलं की पगारही रखडतो. मी अजून कॉलेज सोडलेलं नाही त्याचं एक कारण हेच, उगाच सेवाभावाचा आव आणत नाही. घरच्यांना सांग, बीएड करून शाळेत लागलीस तरी हे काम तुझ्या वर्गात येऊन बसणारच आहे.

आणि कोर्सपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुपरव्हिजन. तुझ्या केसेस नियमित ऐकणारा, तुला अडवणारा अनुभवी माणूस. तो नसेल तर हे काम एकट्यानं करू नकोस. माझी सुपरव्हायजर पुण्यात असते, ऑनलाइन बोलतो. खर्च माझा मी करते. नाही केला तर माणूस एक तर पेशंटवर खेकसायला लागतो नाहीतर त्याला घरचा नंबर देऊन बसतो.

जास्वंद:

पद्धतींबद्दल थोडं काजूसाठी. मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखत आधी शिक. त्यात उपदेश करायचा नसतो, माणसाच्या तोंडूनच बदलाची कारणं यायला हवीत. आपल्याकडं पेशंट बसला की आई-बाप-मामा-काका सगळे उपदेशाला सुरुवात करतात, त्यात समुपदेशकानं भर घालू नये.

आघाताच्या बाबतीत पूर्वी सांगायचे, आधी वर्षभर कोरडा राहा, मग त्या विषयाला हात लावू. आता दोन्ही बरोबरीनं बघतात, पण क्रम ठेवून. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. पहिला टप्पा पक्का न करता दुसऱ्यात उडी मारली की पेशंट त्याच रात्री पितो. पुरानंतर उत्साही मंडळींनी छावण्यांत लोकांना गोल बसवून "काय काय झालं ते सांगा" असं करायला लावलेलं मी पाहिलंय. घटनेनंतर लगेच असं एकदाच सगळं वदवून घेण्याचा फायदा होत नाही हे संशोधनातून पुढं आलंय, काहींना त्रासच होतो. त्यावेळी पाणी, कोरडे कपडे, घरच्यांचा ठावठिकाणा, आणि कुणी आपणहून बोललं तर ऐकणं, एवढं पुरे.

खासबाग:

हे एकदम बरोबर. आमच्याकडं छावणीत एक बाई रडायची थांबली होती, तिला परत रडवून गेले.

दुपारची_आई:

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पितो हे दिवाळीत कळलं. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, पेपरात जाहिरात येते की रुग्णाच्या नकळत जेवणातून औषध द्या. आमच्या जाऊबाई म्हणतात देऊन बघ. दुसरं, एका केंद्रवाल्यांनी सांगितलं की ते गाडी पाठवून रात्रीत उचलून नेतात, सहा महिने भेटायचं नाही. ह्यांना ते पटलंय. मला झोप नाही.

निशिगंध:

ताई, बरं झालं लिहिलंत. जेवणातून काहीही देऊ नका. त्या पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. त्यात डायसल्फिरामसारखं (दारू प्याल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) काही असलं आणि त्यावर तो प्याला तर अंग लालबुंद होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं. आणि त्याला नंतर कळलं ना, तर तो तुमच्या हातचं जेवायचा बंद होईल. मग कुठलाच रस्ता उरत नाही.

गाडी पाठवून उचलणाऱ्यांकडे अजिबात नको. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींनाही लागू आहे. अशा स्थितीवर उपचारासाठी भरती करणारं केंद्र नोंदणीकृत हवं. पेशंटच्या मर्जीविरुद्ध भरती करायचीच झाली तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि साखळीनं बांधणं पूर्ण बेकायदा. "भेटायचं नाही" म्हणणाऱ्यांना नोंदणी क्रमांक विचारा, मानसोपचारतज्ज्ञ कोण येतात ते विचारा. बोलणं तिथंच संपेल बहुतेक.

जिथं मुलं घाबरून, जबरदस्तीनं नेली जातात तिथून ती आणखी एक आघात घेऊन येतात, आणि मग आम्हाला दोन गोष्टींवर काम करावं लागतं. हे मी पुन्हा पुन्हा बघतेय, म्हणून आवाज चढला, माफ करा.

आज रात्री करण्यासारखं: १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची. दोन्ही मोफत. तुम्ही स्वतःसाठीसुद्धा फोन करू शकता.

दुपारची_आई:

तो कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेला तर ते प्राचार्यांना सांगतील का? आणि पोलिसांचं काही? गांजाचा पण संशय आहे.

निशिगंध:

सांगायला नको, आणि चांगला समुपदेशक सांगत नाही. मी पहिल्याच भेटीत अपवाद स्पष्ट करते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. दुसऱ्या बाबतीत पॉक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारकच आहे, अकरावी-बारावीच्या मुलांशी बोलताना हे आधी सांगावंच लागतं. बाकी काही बाहेर जात नाही. प्राचार्य फार मागे लागले तर "भेटायला येतो" एवढंच सांगते.

पोलिसांचं म्हणाल तर अमली पदार्थविरोधी कायद्यात (१९८५) ६४-अ कलम आहे. अल्प प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. तसंच काही प्रकरण उभं राहिलं तर वकिलाला हे कलम आठवणीनं दाखवा.

आजचा_दिवस:

ताई, तुम्ही आणि भाऊजी अल-अनॉनला जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांची ती वेगळी मीटिंग असते. मुलगा तयार होवो न होवो, तुम्ही जाऊ शकता. माझी बायको माझ्याआधी जायला लागली होती. मी प्यायलेला घरी यायचो आणि ती भांडायच्या ऐवजी जेवण झाकून झोपलेली असायची. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

तर्कटी:

त्यापेक्षा बापानं चार दिवस रजा घेऊन पोराबरोबर राहावं. फुकटचा सल्ला.

निशिगंध:

तर्कटी, या वेळी तुमच्याशी सहमत आहे, फक्त त्या चार दिवसांत उपदेश नको. सोबत जेवावं, सकाळी फिरायला जावं, बास.

ताई, मुलाच्या किती केटी आहेत आणि हजेरी कुठवर आली आहे, तेवढं व्यनितून कळवा. विद्यापीठाचा फॉर्म सुरू असेल तर आधी तो भरून घेऊ. त्या निमित्तानं तो माझ्यासमोर किंवा त्याच्या कॉलेजातल्या समुपदेशकासमोर बसेल. दारूचं आपण काढायचं नाही, तो काढेल. भाऊजींना त्या दिवशी बाहेर थांबायला सांगा, त्यांच्याशी मी नंतर वेगळं बोलते.

दुपारची_आई:

व्यनि केलाय. चार केटी आहेत, एम-थ्री धरून.